जोडी असेल तरच

काउंटरवरच्या बाईने स्पीकर पुढून पाहिला, मागून पाहिला, बोटाने ठोकून पाहिला, आणि मग मान उंच करून धाकटीच्या पाठीमागे कुणी लपलंय का तेही पाहिलं.

"दुसरा कुठाय?"

"दुसरा नाहीये," धाकटी म्हणाली.

"नाहीये म्हणजे? फुटला? चोरीला गेला?"

"बहिणीकडे आहे."

"अहो मग घेऊन या की! एकट्याचं मी काय करू, लोणी लावून चाटू? आम्ही जोडी असेल तरच घेतो."

हे दुकान जुन्या वस्तूंचं. मोबाइल, मिक्सर, कॅमेरे, टीव्ही, असलं सगळं. दारावर ठळक पाटी होती, ‘जुनं आणा, क्रेडिट न्या’. रोख इथे कुणाच्या हातावर पडायची नाही. तुम्ही आणलेली वस्तू बाई तपासणार, नाक मुरडणार, आणि तिला योग्य वाटेल तेवढं क्रेडिट तुमच्या मोबाइल नंबरावर चढवणार. मग त्या क्रेडिटवर तुम्ही याच दुकानातली दुसऱ्या कुणाची तरी जुनी वस्तू उचलून घरी न्यायची. थोडक्यात काय, या घरची अडगळ त्या घरी. तरी रांग कधी हटायची नाही. लोक आपापली वस्तू छातीशी धरून उभे असत, दवाखान्यात तान्ही पोरं घेऊन बसतात तसे.

धाकटीला हवा होता लॅपटॉप. हौस म्हणून नाही. ती घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, आणि प्रकाशकाने आता कागद पाठवणं बंद करून सगळं कॉम्प्युटरवर पाठवायला सुरुवात केली होती. तिच्याकडचा जुना लॅपटॉप ऐन कामाच्या वेळी मान टाकून बसला. म्हणून तिने घर धुंडाळलं आणि जे हाताला लागलं ते पिशवीत भरून आणलं. झाकण हरवलेला रेडिओ, दोन मुके मोबाइल, नवऱ्याने लग्नात मिरवलेला कॅमेरा. बाईने एकेक वस्तू उचलून अशा नजरेने पाहिली की धाकटीला आपल्या संसाराची लाज वाटली. सगळं मिळून जे क्रेडिट झालं त्यात लॅपटॉपची पिशवी आली असती, लॅपटॉप नाही.

"पण हा स्पीकर चांगला आहे हो," बाईने लाकडी खोक्यावरून हात फिरवला. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा मऊ झाला. "असे आता बनत नाहीत. शौकीन लोक विचारत येतात. जोडी आणलीत ना, तर तो फळीवरचा लॅपटॉप आजच्या आज तुमचा. हवं तर शनिवारपर्यंत बाजूला काढून ठेवते. त्यापुढे मात्र माझं नाव घेऊ नका."

धाकटीने मान डोलावली. आता दुसऱ्या कुणाला यात काय अवघड वाटलं असतं? बहिणीकडे जायचं, स्पीकर मागायचा, आणायचा. पण अडचण निराळीच होती. त्या बहिणीशी ती बाबांचं सामान वाटून झाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

स्पीकर परत घरी आला तेव्हा नवरा दारातच हसला. "आलं का तुझं अर्धं माहेर परत?"

त्या स्पीकरला तो ‘अर्धं माहेर’ म्हणायचा. माणूस तसा भला, पण जिभेला हाड नाही. एरवी धाकटी त्याच्यावर खेकसली असती. आज तिने नुसता स्पीकर कोपऱ्यात ठेवला, त्यावर नेहमीसारखा इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग रचला आणि आत जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

तर आता ही अर्ध्या माहेराची भानगड सांगायला हवी. बाबांकडे दोन मोठे लाकडी स्पीकर होते. गाणी ऐकायचं यंत्र केव्हाच जळून गेलं, स्पीकर मात्र शेवटपर्यंत खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभे होते. बाबा गेले, भाड्याच्या खोल्या रिकाम्या करायच्या ठरल्या, आणि दोघी बहिणी सामान वाटून घ्यायला बसल्या. बसल्या म्हणजे काय, एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. कपाट तुला, टेबल मला. घड्याळ तुला, आरसा मला. इतकं सगळं मुकाट्याने पार पडलं आणि स्पीकरशी येऊन गाडी अडली.

"स्पीकर मी नेते," थोरली म्हणाली.

"का? मी का नको?" धाकटी म्हणाली.

"बरं, तू ने."

"उपकार नकोत."

"मग काय करायचं?"

"एक तू ने, एक मी नेते. हिशोब सरळ."

दोन शहाण्यासुरत्या बायका! त्यातली एक शाळेची मुख्याध्यापिका, दुसरी दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुका काढून पोट भरणारी. आणि दोघींनी मिळून काय केलं, तर एका जोडीचे दोन तुकडे केले आणि दोन टेम्पोंत घालून दोन दिशांना पाठवले. टेम्पोवाल्यांनाही हसू आवरेना. पण त्या दिवशी त्या दोघींना कुणी काही सांगायला गेलं असतं तर त्याचीच खैर नव्हती.

खरं भांडण स्पीकरचं नव्हतंच. बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. थोरलीने लग्न केलं नव्हतं. तिची शाळा दुसऱ्या गावी, तिथेच तिचं बिऱ्हाड. धाकटीने नोकरी सोडली, नवऱ्याला सांगितलं की तुझं तू बघ, आणि ती बाबांच्या खोल्यांत राहायला गेली. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, औषधं, चादरी. बाबांना बोलता येत नसे, मग ते डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर टिचकी मारायचे. एक टिचकी म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस, आणि नुसतं वाजवत राहिले म्हणजे बस जरा माझ्याजवळ. धाकटीला ती भाषा झोपेतही कळायची. थोरली कधीमधी यायची. दाराशी उभी राहायची, फळं ठेवायची, डॉक्टरांना चार कडक प्रश्न विचारायची आणि निघायची.

बाबा गेले आणि भेटायला माणसं यायला लागली. थोरली बाहेर खुर्चीवर बसलेली, धाकटी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. आलेल्यांना काय ठाऊक? त्यांनी आपापल्या मनाने गणित मांडलं. लग्न न केलेली लेक म्हणजे बापाजवळ तीच असणार. "केलंस हो बाई वडिलांचं," एक आत्या म्हणाली. "धन्य तुझी. नाहीतर आजकाल कोण करतं?" धाकटीने चहा ढवळायचा चमचा हातातच धरला. तिला वाटलं, आता ताई म्हणेल, अहो मी कुठे, हिने केलं सगळं, ही काय आत उभी आहे. आता म्हणेल. आत्ता म्हणेल. बाहेर कप-बश्यांचा आवाज आला, कुणीतरी खोकलं, आणि थोरलीचा आवाज काही आला नाही. मग दुसरा कुणी तेच म्हणाला. मग तिसरा. थोरली मूग गिळून गप्प. इकडे दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी धाकटी तिथेच उभी होती.

नंतरही थोरली त्याबद्दल कधी बोलली नाही. आणि ती का बोलली नाही हे धाकटीनेही विचारलं नाही. मनात मात्र गाठ पक्की बसली. तिला कुणाची वाहवा नको होती हो. आत्या गेली खड्ड्यात. तिला फक्त ताईच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. बाकी साऱ्या जगाने डोक्यावर घेतलं असतं तरी ती भूक भागली नसती, आणि ताईने एक वाक्य टाकलं असतं तर तिने स्पीकरच काय, कपाट, घड्याळ, सगळं हसत देऊन टाकलं असतं.

म्हणून आता त्या दारात जाऊन ‘दे’ म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"मी जाऊन येऊ का?" नवऱ्याने विचारलं. "मला ती खात नाही."

"तुला कशाला? माझी बहीण आहे," धाकटी फणकाऱ्याने म्हणाली, आणि हे आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिलाच चमत्कारिक वाटलं.

थोरली आता निवृत्त होऊन याच शहरात राहायला आली होती, हे धाकटीला उडतउडत कळलं होतं. पत्ता नवऱ्याने काढून दिला. कुठून काढला हे तिने विचारलं नाही. शुक्रवारी दुपारी ती तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दारासमोर उभी राहिली, तेव्हा घंटेवर बोट ठेवायच्या आधी तिने तीनदा पदर सारखा केला. परीक्षेला उशिरा पोचलेल्या मुलीसारखं तिचं तोंड झालं होतं.

दार थोरलीनेच उघडलं. केस पार पांढरे. चष्मा कपाळावर सरकवलेला.

"गोटे," थोरली म्हणाली.

धाकटी लहानपणी गुटगुटीत होती, म्हणून घरात तिचं नाव गोटी. बाबा गेल्यापासून या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. नवऱ्याला हे नाव माहीतही नव्हतं. तिने ओठ घट्ट दाबले, कारण आल्याआल्या रडायला ती काही आली नव्हती.

"स्पीकर हवाय," ती म्हणाली. इकडचं तिकडचं काही नाही, कशी आहेस नाही, सरळ स्पीकर. "बाबांचा. दुकानात द्यायचाय. ते जोडी असेल तरच घेतात. मला कामाला लॅपटॉप हवाय, तो क्रेडिटवर मिळेल. तुला नको असेल तर दे. हवा असेल तर राहू दे, मी जाते."

"आधी आत ये," थोरली म्हणाली. "दारात उभं राहून भाषण कसलं करतेस?"

आत दोन खोल्या. पुस्तकं, खुर्ची, आणि पलंगाच्या उशाशी तो स्पीकर. धाकटीचा कपड्यांच्या ढिगाखाली, आणि हा असा, पुसून लखलखीत. त्याला एक छोटंसं यंत्र जोडलेलं.

"वाजतो?" धाकटीने न राहवून विचारलं.

"वाजतो की. एका मेकॅनिककडून जोडून घेतला," थोरली म्हणाली. "पण काय सांगू तुला? बाबांच्या त्या जुन्या रेकॉर्डी आहेत ना, त्यांच्यात गाणारा एका बाजूने येतो आणि वाद्यं दुसऱ्या बाजूने. माझ्या वाटेला वाद्यांची बाजू आली. इतकी वर्षं मी नुसती साथ ऐकतेय. गाणारा तुझ्याकडे गेला."

धाकटीला हसू फुटलं. फुटलं म्हणजे काय, नाकातून भस्सकन आलं, आणि तिने ते खोकल्यात बुडवलं.

"तू ऐकतेस का गं?" थोरलीने विचारलं.

"नाही. मी त्यावर कपडे ठेवते."

"गाणाऱ्यावर?"

आता दोघीही हसल्या. पण हसू ओसरलं तशी खोली पुन्हा अवघडली. थोरली चहा टाकायला गेली. धाकटी बाहेर खुर्चीवर बसली आणि आतल्या कप-बश्यांचा आवाज ऐकत राहिली. तिला वाटलं, आत्ता ही चहा घेऊन येईल आणि बोलेल. थोरली चहा घेऊन आली. म्हणाली, "साखर बघ पुरेशी आहे का." धाकटीने चहा पिऊन कप खाली ठेवला. साखर पुरेशी होती.

"स्पीकर ने," थोरली म्हणाली. "पण तू एकटी कशी उचलणार? मी येते उद्या दुकानात. आणि त्यांना नीट विचारायला हवं, काय देतात, कसं देतात. तू भोळी. तुला गुंडाळतील."

तीच ती! धाकटीच्या मनात आलं की म्हणावं, भोळी असते तर इतकी वर्षं तोंड फिरवून बसले नसते. पण लॅपटॉपची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि खरं सांगायचं तर ताई सोबत येतेय म्हटल्यावर मनाच्या एका कोपऱ्यात तिला बरंही वाटलं होतं. ते तिने स्वतःलासुद्धा कळू दिलं नाही.

शनिवारी दुकानात ही गर्दी. थोरली टॅक्सीतून आली, धाकटी नवऱ्याच्या मित्राच्या गाडीतून. दोघींनी आपापला स्पीकर पोटाशी धरून रांग गाठली. पुढे मिक्सरवाले एक आजोबा, मागे हातात टीव्ही धरलेले नवरा-बायको, त्यांच्या मागे वायरींचा गुंता घेतलेली एक मुलगी. थोरलीने उभ्याउभ्या आजोबांना मिक्सरचं भांडं नीट धरायला सांगितलं, मुलीला वायरींना गाठी कशा मारायच्या ते शिकवलं. सवयच ती. निवृत्त झाली तरी तिला सारं जग इयत्ता पाचवी ‘ब’ वाटायचं.

"आणलीत का जोडी! शाब्बास," काउंटरवरची बाई म्हणाली. तिने दोन्ही स्पीकर शेजारीशेजारी मांडले, मागे वायरी लावल्या आणि तपासणीची टेप सुरू केली. "डावा," एक कोरडा आवाज एका खोक्यातून म्हणाला. "उजवा," दुसऱ्यातून म्हणाला. मग दोन्हींतून एकदम भोंगा वाजला आणि टीव्हीवाल्या बायकोने कानांवर हात ठेवता ठेवता टीव्ही जवळजवळ सोडलाच.

"आवाज खणखणीत आहे," बाई म्हणाली. "हा एक थोडा जास्त उजळ दिसतोय."

"पुसलेला आहे," थोरली म्हणाली.

"आणि याला वरून गरम इस्त्रीचा डाग आहे."

धाकटीने छताकडे पाहिलं. थोरलीने धाकटीकडे पाहिलं.

"चालेल, जोडीला चालेल. पण एकदा क्रेडिट चढवलं की वस्तू परत मागायची नाही हं. आधीच सांगते. लोक नंतर रडत येतात, आठवण होती म्हणून. मग मी वाईट ठरते."

थोरलीने स्पीकरवर हात ठेवला, मग काढला. "द्यायचेच आहेत," ती म्हणाली. "हिला कामाला लॅपटॉप हवाय."

"ठीक." बाईने कीबोर्ड पुढे ओढला. "क्रेडिट एकाच नावावर जाईल. अर्धं-अर्धं करता येत नाही, नंतर बदलता येत नाही. कुणाच्या नावावर टाकू?"

"माझा नंबर घ्या," थोरली म्हणाली, आणि आकडे सांगायला लागली.

म्हणाली म्हणजे तोंडातून निघून गेलं. आयुष्यभर जिथे कुणी नाव विचारलं तिथे पहिलं नाव हिनेच सांगितलेलं. पण धाकटीला ते लागायचं तिथे लागलं. झालं. पुन्हा तेच. दोन खुर्च्या असल्या तर पुढची हिची, आणि मी आत, चहाजवळ. तिने फळीवरच्या लॅपटॉपकडे पाहिलं आणि तिला तो एकाएकी नकोसा झाला. वाटलं, सोडावं सगळं इथेच आणि चालू पडावं. बाईची बोटं आकड्यांवर खटखट चालली होती.

थोरली मध्येच थांबली.

"पुढे?" बाई म्हणाली.

थोरलीने बहिणीकडे पाहिलं. धाकटी दुसरीकडे बघत होती. तिचा चेहरा थोरलीने नीट पाहिला, आणि तो तिला कळला. उशिरा कळला, पण कळला.

"खोडा ते," थोरली म्हणाली.

"काय खोडू?"

"माझा नंबर. खोडून टाका. क्रेडिट माझं नाही."

"अहो, मला काय, कुणाचंही चालेल. यांचं का?"

"हिचं. सगळं हिचंच आहे." थोरलीचा आवाज चढला. तिचा आवाज मुळातच चार वर्ग ओलांडून जाणारा. "मी एकदा घेतलंय हिचं क्रेडिट. सगळ्यांसमोर घेतलंय. पुन्हा नाही घेणार."

बाईची बोटं थांबली. ती विचारत होती दुकानातलं क्रेडिट. पण आपल्याकडे हा शब्द दोन कामं करतो, आणि रांगेतल्या सगळ्यांना कळलं की आता दुसरं काम चाललंय. आजोबांनी जाता जाता पाय मागे घेतला.

"ताई," धाकटी पुटपुटली. "लोक बघतायत."

"बघू देत. तेव्हाही लोकच होते." थोरली रांगेकडे वळली, अख्ख्या रांगेकडे, टीव्हीवाले, वायरवाली, दारातले, सगळ्यांकडे. "आमचे वडील अंथरुणाला खिळले होते. त्यांचं सगळं हिने केलं. भरवलं, पुसलं, उचललं. मी नाही केलं. मी यायचे आणि दारात उभी राहायचे. मला त्यांच्या अंगाला हात लावायची भीती वाटायची. मुख्याध्यापिका होते मी, तीनशे पोरं चळचळ कापायची मला, आणि मला माझ्या बापाचा हात धरवत नव्हता. ते गेल्यावर सगळे मला म्हणाले, तू केलंस. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग तू कुठे होतीस? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी गप्प बसले. ही आत उभी होती, हिला ऐकू जात होतं, हे मला माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसले."

हे ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं ती माणसं इथे नव्हती. आत्या नव्हती, शेजारी नव्हते. इथे होते ते मिक्सर आणि टीव्ही घेऊन आलेले परके लोक, ज्यांना धाकटी कोण नि तिचे बाबा कोण याचं काही सोयरसुतक नव्हतं. आणि तरीही धाकटीला वाटलं की बस, पोचलं. जिथे पोचायचं होतं तिथे पोचलं. छातीवरचं काहीतरी इतक्या वर्षांनी खाली उतरलं, आणि तिला पहिल्यांदा कळलं की ते किती जड होतं.

"बरं केलंत हो सांगितलंत ते," टीव्हीवाला नवरा अदबीने म्हणाला. "फक्त जरा... हा टीव्ही फार जड आहे."

"ठेवा की खाली, कोण नको म्हणतंय!" त्याची बायको त्याच्यावर खेकसली. ती पदराने डोळे पुसत होती.

काउंटरवरच्या बाईने घसा साफ केला. "तर मग," ती धाकटीला म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज स्पीकरवर हात फिरवताना झाला होता त्याहूनही मऊ होता, "तुमचा नंबर सांगा."

धाकटीने तोंड उघडलं. पहिला आकडासुद्धा बाहेर येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि स्वतःचा नंबर, रोज दहा ठिकाणी सांगितलेला, तिला आठवेना. ती नुसती हाताने थांबा, थांबा करत राहिली.

मग थोरलीनेच सांगितला. एका दमात, एकही आकडा न चुकता, पाढे म्हणावेत तसा. बाईने लिहून घेतला.

धाकटी बघत राहिली. "तुला पाठ आहे?"

"मग? रोज लावते."

"मला कधी आला नाही तुझा फोन."

"वाजायच्या आत बंद करते," थोरली म्हणाली. "तू उचललास तर काय बोलू, ते सुचायचं नाही."

"अगं, काहीही बोलायचंस!" धाकटी हुंदक्यातून ओरडली. "नुसतं गोटे म्हणायचंस! मी काय तुला खाणार होते?"

"हो," थोरली म्हणाली. "मला तसंच वाटायचं."

धाकटीने तिला दोन्ही हातांनी धरलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. थोरलीचे हात क्षणभर तसेच लोंबकळत राहिले, कुठे ठेवावेत ते न कळून. मग एक हात हळूच वर आला आणि बहिणीच्या पाठीवर टेकला. मग दुसराही.

धाकटीच्या पर्समध्ये मोबाइल वाजला.

"ओटीपी आला असेल," बाई म्हणाली. "तेवढा सांगा म्हणजे क्रेडिट चढतं."

धाकटीने मोबाइल काढला, डोळ्यांसमोर धरला आणि थोरलीच्या हातात दिला. "तू वाच गं, मला काही दिसत नाहीये."

थोरलीने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. "मलाही नाही दिसत," ती म्हणाली.

तेव्हा काउंटरवरची बाई पुढे वाकली. ओटीपी कुणालाही दाखवू नका असं तिच्याच डोक्यावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. तिने दोघींच्या हातातून मोबाइल हलकेच घेतला, आकडे स्वतःच वाचले, आणि स्वतःच टाकले.